रविवारचा घाम सोमवारी कामाला येतो: सोलापूरकरांसाठी स्टेप बाय स्टेप

आपल्याकडे रविवार म्हटलं की उशिरा उठायचं, दुपारी दाबून जेवायचं, संध्याकाळी सात रस्ता चौकाकडं एक चक्कर आणि रात्री उद्याच्या कामाचं टेन्शन, असा एक साचा बऱ्याच घरात पडून गेलाय. आठवडाभर राबलेल्या माणसाला झोप पाहिजेच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सकाळचे दोन-अडीच तास घरच्यांना, गल्लीतल्या पोरांना घेऊन मोकळ्या हवेत घालवले तर नुसता व्यायाम होत नाही, माणसं कळतात. दमल्यावर कोण चिडतंय, कोण मागच्यासाठी थांबतंय, हरायला लागल्यावर कोण नियमच बदलायला बघतंय, हे मैदानात लगेच दिसतं. ऑफिसात, दुकानात, घरात आपण तसेच वागत असतो, फक्त तिथं ते पटकन डोळ्यात येत नाही.

म्हणून हा लेख. मजा कशी करायची, अंग कसं हलवायचं आणि त्यातून रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल असं काय उचलायचं, हे तिन्ही एकत्र सांगते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, ती सगळ्यात महत्त्वाची आहे. खेळताना, चालताना कुणालाही शिकवण द्यायची नाही. "बघ, यातून आपण काय शिकलो" असं वाक्य मैदानात उच्चारलं की पोरांचा मूड तिथंच संपतो, मोठ्यांचाही संपतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. शिकवण काढायची ती घरी आल्यावर, एकाच प्रश्नाने, आणि तो प्रश्न पुढे येईलच.

स्टेप १ : रविवारची सुरुवात शनिवारी रात्री

ही स्टेप सगळ्यात कंटाळवाणी वाटते पण प्लॅन इथंच जगतो किंवा मरतो. पहिला मुद्दा घरातल्या बाईचा. सहाला निघायचं म्हणून तिला चारला उठून नाश्ता, डबे, चहा सगळं उरकावं लागत असेल तर तिच्यासाठी तो रविवार नाही, जास्तीची ड्युटी आहे. तेव्हा साधा नियम करा की रविवारी सकाळी गॅस पेटणार नाही. आपल्या सोलापूरला याचं टेन्शन नसलं पाहिजे खरं तर, कडक भाकरी आहे, शेंगाचटणी आहे, दही आहे. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, पिशवीत टाकली की झालं, चुरली तरी दह्यात कालवून खाता येते. सोबत केळी, भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा. हे सगळं शनिवारी रात्री भरून ठेवायचं आणि भरताना सगळ्यांनी हात लावायचा.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसाआड येतं, आणि नेमकी रविवारी सकाळी पाळी असली की निम्मं घर बादल्या घेऊन उभं राहतं. हे आधीच बघून घ्या. पाळी असेल तर सरळ संध्याकाळचा प्लॅन करा, किंवा एकाने मागे राहून पाणी भरायचं ठरवा आणि तो कोण हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्याचा नंबर लागतो. दर वेळी आईच मागे राहते असं होऊ देऊ नका. सगळ्यांच्या मजेसाठी कुणीतरी एक जण काहीतरी सोडतोय ही गोष्ट पोरांना इतकी स्पष्ट दुसरीकडं कुठं दिसत नाही, आणि कॅलेंडरवर बाबाचंही नाव दिसलं की त्यांना ती न सांगता समजते.

तिसरं म्हणजे वस्तू. बूट, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, एक नॅपकिन, थोडे पैसे, सायकल असेल तर हवा भरलेली, सगळं दाराजवळ. सकाळी झोपेत कुणालाच निर्णय घेता येत नाही, "जायचं का राहू दे" असा विचार करायला जागाच उरू द्यायची नाही. हा रिवाज सोमवारीही तसाच चालवा. दप्तर, गाडीची किल्ली, ऑफिसची बॅग रात्रीच त्याच दाराजवळ, त्याच जागी. सोमवारची सकाळची आरडाओरड निम्म्याहून कमी होते, करून बघा.

वेळेचं सांगायचं तर सोलापूरचं ऊन लक्षात घेऊनच ठरवायला लागतं. जूनमध्ये सहाच्या थोडं आधीच उजाडतं, जानेवारीत सूर्य वर यायला सात वाजतात. मार्च ते जूनचा पाऊस पडेपर्यंत आठच्या आत घरी परत यायचं, यात तडजोड नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो आणि नऊ वाजता रस्ता तापलेला असतो. थंडीत मात्र निवांत सातला निघा, दहापर्यंत फिरा.

स्टेप २ : जागा कुठली

लोक म्हणतात सोलापुरात फिरायला आहेच काय. खूप आहे, फक्त ऋतू बघून निवडायला पाहिजे.

उन्हाळ्यात लांब जाऊच नका. सिद्धेश्वर तलावाची बाजू, शेजारचा भुईकोट किल्ला आणि त्याची बाग, विजापूर रोडचा धर्मवीर संभाजी तलाव (जुनी माणसं अजून कंबर तलावच म्हणतात), तिकडचाच सिद्धेश्वर वनविहार. झाडं आणि पाणी जवळ असलं की पहाटे हवेत गारवा असतो. किल्ल्यात पोरांना नुसतं फिरवू नका, तटाच्या बाहेरून खंदकाच्या कडेने नजर टाकत चाला आणि त्यांनाच विचारा की शत्रू असतास तर कुठून आत आला असतास. अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि पायऱ्या चढून-उतरून मांड्यांचा व्यायाम आपोआप होतो.

पावसाळ्यात नळदुर्ग. हैदराबाद रोडने साधारण पन्नास किलोमीटर, जिल्हा धाराशिव. बोरी नदी किल्ल्यातून अडवलीय, बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि नदी भरली की त्यावरून नर-मादी धबधबे पडतात. गर्दी प्रचंड असते, म्हणून सकाळी लवकर पोचा, पाण्याच्या कडेला सेल्फीसाठी जाऊ नका. एक जास्तीची सूचना, पावसाळ्यात काळ्या मातीच्या रानात शिरू नका. बुटाला दोन-दोन किलो चिखल चिकटतो, सायकलचं चाक फिरत नाही. डांबरी किंवा मुरमाचा रस्ता पकडा.

थंडी म्हणजे आपला खरा सीझन. नान्नजचं माळरान (त्यावर वेगळी स्टेप लिहिलीय), हिप्परगा तलावाच्या कडेचे पक्षी, कुणाच्या तरी शेतात हुरडा, आणि दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल. कुडलला भीमा आणि सीना एकत्र येतात, शहरापासून चाळीसेक किलोमीटर असेल. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये त्याचा नंबर लागतो. शेजारीच शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. पोरांना ती मुखं मोजायला लावा, कुणाचा आकडा कुणाशी जुळत नाही आणि मग ती पुन्हा मोजतात.

जागा निवडायचा अधिकार फिरता ठेवा. एका रविवारी आजोबा ठरवतील, एका रविवारी सगळ्यात लहान पोरगं. लहान पोरगं काहीतरी अडचणीचंच निवडतं, तरी जायचं. दुसऱ्याच्या आवडीच्या जागी मनापासून जाणं जमायला लागलं की घरातले टीव्हीच्या रिमोटवरचे वाद सुद्धा जरा सोपे होतात.

स्टेप ३ : अंग आधी गरम, आणि तब्येतीचं थोडं

हे थोडक्यात. पहिली पाच-सात मिनिटं सावकाश चाला, मग घोटे, गुडघे, कंबर, खांदे गोल फिरवा, दोन-चार हलक्या उड्या. ताणून धरायचे व्यायाम शेवटी, अंग गरम असताना. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल किंवा कित्येक वर्षांनी पळायला निघाला असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाबल्यासारखं, गरगरणं, थंड घाम, डोकं दुखून मळमळ, यातलं काही झालं तर तिथंच थांबायचं, सावलीत बसायचं, आणि कमी होत नसेल तर सरळ दवाखाना गाठायचा. "एवढा राऊंड पूर्ण करतो" हे नाही. तासभराच्या चालण्याला साधं पाणी पुरतं. खूप घाम गेला असेल तर घरी करता येईल असं पाणी म्हणजे १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, माप चुकवायचं नाही.

आणि हेही लक्षात असू द्या, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं. एकट्या रविवारने हे भरत नाही. रविवारचा उपयोग असा की तो बाकीच्या दिवसांना ओढून आणतो.

स्टेप ४ : चालताना सगळ्यात हळू माणूस पुढे

माझ्या मते अख्ख्या लेखातली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर.

दहा-बारा जणांचा ग्रुप चालायला निघाला की काय होतं बघा. तरणी पोरं पुढे सुटतात, आजी आणि गुडघेदुखीवाल्या काकू मागे पडतात. पुढचे कुठंतरी झाडाखाली थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात. मागचे धापा टाकत तिथं पोचले रे पोचले की पुढचे उठतात, "चला, झालं ना, निघूया". म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नव्हती त्याला ती मिळाली आणि ज्याला होती तो एक मिनिट बसला नाही. वर सगळे मनात म्हणतात की आम्ही यांच्यासाठी थांबलो.

म्हणून नियम असा की सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे. वेग तो ठरवणार. पहिली दहा मिनिटं पोरं वैतागतात, "काय बे, किती हळू" असं पुटपुटतात, त्यांना काम द्या, पाणी धरायला, रस्त्यावर नजर ठेवायला, पक्षी ओळखायला. हळूहळू सगळी रांग एकत्र येते, बोलणं सुरू होतं, आणि गंमत म्हणजे आजी पण रोजच्यापेक्षा जास्त चालतात, कारण मागे पडल्याची लाज नसते. ज्यांना खरंच घाम काढायचाय त्यांनी एक जास्तीचा राऊंड मारून परत रांगेत यावं. आपला वेग बरोबर आहे का हे बघायची सोपी खूण आहे, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम व्यायाम चाललाय. बोलायलाच दम पुरत नसेल तर कमी करा.

आता हे घरात कुठं लागतं? नवीन मोबाईल शिकणाऱ्या सासूबाई, गणितात अडणारा मुलगा, ऑफिसात नुकताच लागलेला क्लार्क. आपण त्यांना समजावतो, त्यांना कळायच्या आत "समजलं ना" म्हणून पुढच्या मुद्द्यावर जातो. तिथं मनातल्या मनात त्यांना रांगेत पुढे आणायचं. मुलाला अभ्यासाला बसवताना आज किती गणितं होणार हे त्यालाच सांगू द्या, आणि तेवढीच घ्या. सुरुवातीला कमी होतात, पण तो उठून पळत नाही.

चालायचाच एक मोठा प्लॅन हवा असेल तर आपले ग्रामदैवत, शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत स्थापन केलेली ६८ लिंगं घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज (त्या उंच मानाच्या काठ्या) या लिंगांना जाऊन येतात हे आपल्याला माहितीच असतं, पण स्वतः सगळी पायी बघितलेली माणसं तुमच्या ओळखीत किती आहेत बघा. एका दमात करायची गरज नाही. एका रविवारी एका बाजूची पाच-सहा, नकाशावर खूण करायची, पुढच्या वेळी तिथून पुढे. आपण रोज गाडीवरून ज्या बोळापुढून जातो तिथं आत काय आहे हे कळतं, गल्लीगल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी माणसं रस्ता सांगतात, कुणीतरी अण्णा दार उघडून पाणी देतात. आणि न संपणारं वाटणारं काम तुकड्याने संपतं हे पायांना कळतं. दहावीचा अभ्यास, घराची रंगरंगोटी, कर्जाचे हप्ते यांच्यासाठी तसाच एक कागद करून भिंतीला लावा आणि झालेल्या तुकड्यावर खूण करा.

स्टेप ५ : खेळा, आणि खो-खो जरूर खेळा

जिम, झुंबा सगळं चांगलं आहे, पण सोलापूर जिल्हा खो-खोसाठी ओळखला जातो आणि आपल्या पोरांना त्याचे नियमही धड माहीत नसतात, हे बरं नाही. पार्क मैदान असो नाहीतर शाळेचं रिकामं ग्राउंड, चुन्याने एक मधली पट्टी आखली आणि दोन टोकांना खांब म्हणून दोन जण उभे केले तरी घरगुती खेळ होतो. मूळ खेळात मैदानात एका बाजूचे ९ असतात, ८ पट्टीवर बसतात, एक आड एक उलट तोंड करून, आणि एक पळतो. समोरचे ३-३ च्या तुकडीने आत येतात. पाठलाग करणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. पलीकडच्याला पकडायचं असेल तर तिकडं तोंड करून बसलेल्याला पाठीमागून हात लावून मोठ्याने "खो" म्हणायचं, आणि त्याच्या जागी आपण बसायचं.

यात किती गोष्टी आहेत बघा. काम दुसऱ्याला देताना ते स्पष्ट शब्दात दिलं पाहिजे, मनातल्या मनात नाही. ज्याला दिलं त्याला ते मिळालंय हे कळलं पाहिजे. दिल्यावर आपण बाजूला बसायचं, त्याच्या मागे पळत "असं कर, तसं कर" ओरडायचं नाही. आणि बसलेल्याने सुद्धा पायावर तयार बसायचं, मांडी घालून नाही. आपल्या घरातली निम्मी भांडणं "मी सांगितलं होतं", "मला कुठं सांगितलंस" यावरची असतात. लाईट बिल कोण भरणार, आईला दवाखान्यात कोण नेणार, हे कुणी कुणाला नीट दिलेलंच नसतं. घरात एखादं काम सोपवताना खरोखरच "खो" म्हणून बघा, पोरांना फार आवडतं आणि काम विसरत नाहीत.

पंच म्हणून दर वेळी वेगळा माणूस ठेवा आणि ज्या मुलाला सगळ्यात जास्त वाद घालायची सवय आहे त्याला एकदा पंच कराच. दोन्हीकडून ओरडा खाल्ल्यावर त्याचं वाद घालणं कमी होतं. मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, अगदी कुणाला लागलं तरच.

माणसं कमी असतील तर लगोरी. सात चपटे दगड, एक चेंडू, बास. लगोरी फोडणं सोपं, मार चुकवत रचणं अवघड, आणि रचणारा एकटा पडला की डाव जातो. विटी-दांडू खेळणार असाल तर जागा मोकळी बघा, विटी डोळ्याला लागते, बघणाऱ्या लहान मुलांना लांब उभं करा.

स्टेप ६ : सायकलवाल्यांसाठी

सीटची उंची आधी बघा. सीटवर बसून पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला पाहिजे, मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या कितीतरी लोकांची सीट नुसती खाली असते.

दुसरं वाऱ्याचं. पावसाळ्यात आपल्याकडं वारा साधारण पश्चिमेकडून जोरात असतो. अक्कलकोट रोडने पूर्वेला निघालात तर जाताना पाठीवर वारा, सायकल नुसती पळते, वाटतं आज आपण काय फॉर्मात आहोत, आणि परत येताना जीव निघतो. उलट मंगळवेढ्याच्या बाजूला निघालात तर जाताना वारा तोंडावर, ताजे असताना कष्ट होतात आणि दमल्यावर वारा घरी आणून सोडतो. हायवेवर ट्रक असतात, मुलांना तिथं नेऊच नका, आतले रस्ते बघा, पण वाऱ्याचा हिशोब तोच. दिवसाचं सगळ्यात नको वाटणारं काम सकाळी ताज्या अंगाने उरकायचं हे आपण शंभर वेळा ऐकलेलं असतं. एकदा तोंडावरचा वारा खाल्ला की ते ऐकायची गरज राहत नाही.

स्टेप ७ : महिन्यातून एक रविवार माळरानावर, गप्प

बार्शी रोडने वीसेक किलोमीटरवर नान्नज, माळढोक या मोठ्या पक्ष्याचं अभयारण्य. १९७९ साली ते जाहीर झालं. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता फारच दुर्मिळ झालाय. काळविटांचे कळप दिसतात, नशीब असेल तर लांडगा, आणि गवतातले असंख्य छोटे पक्षी. वनखात्याच्या माणसांना विचारून, ते सांगतील त्याच वाटेने जायचं. गाणी नाहीत, भडक कपडे नाहीत, प्लॅस्टिक परत आणायचं. वाट सोडून गवतात शिरायचं नाही याचं कारण पोरांना सांगा. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, साधारणपणे एकच अंडं घालते. एक पाय चुकीचा पडला तर तिचं सगळं वर्ष गेलं.

तिथं करायचं एवढंच की थोडं चालायचं, मग पंधरा मिनिटं कुणीही बोलायचं नाही, मोबाईल गाडीत. पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसत नाही, नुसतं पिवळं गवत. मग कुठंतरी कान हलतो, आणि लक्षात येतं की समोर केव्हापासून काळवीट उभंय. लहानपणापासून आपण या जमिनीला "पडीक माळ, काही उगवत नाही" म्हणत आलो, आणि तिथं एवढं सगळं राहतंय. माणसांबद्दलही आपण असंच पटकन बोलतो. घरात कमी बोलणारं एखादं पोरगं असतं, वर्गात मागे बसणारं, त्याच्याजवळ काही न विचारता पंधरा मिनिटं बसून बघा. बहुतेक वेळा तेच बोलायला लागतं.

स्टेप ८ : थोडं श्रमदान जोडा

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आपल्या गावासाठी तलाव खोदवला, लोकांनी घाम गाळून, आणि आज एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध तो तलाव आहे. तेव्हा जिथं फिरायला जाता तिथं वीस मिनिटं हाताने काहीतरी करा. कचरा उचलायचा असेल तर हातमोजे आणि पोतं घेऊन जा. झाडाला पाणी घालायचं असेल तर पावसाळ्यात शंभर रोपं लावण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये तीन झाडांना कॅनने पाणी घाला, सोलापुरात झाड लावणं अवघड नाही, मे महिना पार करवणं अवघड आहे. एका झाडाची जबाबदारी एका पोराच्या नावावर करा. ते वाळलं तर ओरडू नका, नवीन लावा आणि त्यालाच द्या.

स्टेप ९ : आता तो प्रश्न

घरी आलात, हातपाय धुतले, कडक भाकरी दह्यात भिजतीय, सगळे दमून पण खुश बसलेत. ही ती वेळ. "काय शिकलास?" असं विचारायचं नाही, त्याला पोरं शाळेतलं उत्तर देतात, "एकीचे बळ". विचारायचं, "आज कुठं अडलं, आणि मग काय केलंस?"

प्रत्येकाने एकच सांगायचं, मोठ्यांनी आधी. बाबा म्हणतील, चढावर सायकल ओढता येईना, मग उतरून ढकलली. पोरगी म्हणेल, मला कुणी खो देतच नव्हतं, मग मी ओरडून मागितला. आजी म्हणतील, पायऱ्यांवर भीती वाटली म्हणून नातवाचा हात धरला. कुणी काही म्हणालं तरी त्यावर भाष्य नाही, दुरुस्ती नाही. फक्त शेवटी घरातल्या एकाने विचारायचं, "हे असंच अजून कुठं होतं का?" इथं मात्र थांबायचं, घाई करायची नाही. पोरगी जरा वेळाने म्हणते, वर्गात पण मला प्रोजेक्टमध्ये कुणी काम देत नाही. मग तीच म्हणते, उद्या मागते. एखाद्या रविवारी कुणाकडूनच काही निघालं नाही तर भाकरी खा आणि सोडून द्या.

स्टेप १० : सोमवारी एकच बदल

निघालेल्या गोष्टींपैकी एकच निवडा आणि ती इतकी बारीक करा की करायला निमित्त लागणार नाही. "मी आता धीर धरणार" हे चालत नाही. "सोमवारी सकाळी मुलाला बूट घालायला पाच मिनिटं जास्त देणार, म्हणून त्याला पाच मिनिटं आधी उठवणार" हे चालतं. "ऑफिसात नीट बोलणार" नाही, "काम देताना कुणी आणि कधीपर्यंत हे दोन्ही सांगणार". कधी, कुठं, कोण, हे तिन्ही त्या वाक्यात पाहिजे. कॅलेंडरच्या त्या रविवारच्या चौकोनात चार शब्दात लिहा. पुढच्या शनिवारी पिशवी भरताना वाचा, जमलं तर पुढचं घ्या, नाही जमलं तर तेच परत.

गड्ड्यात बाराबंदीचा अंगरखा घालून नंदीध्वज पेलणारी माणसं आपण दर जानेवारीत बघतो, हात जोडतो. त्यांचा सराव यात्रेच्या कितीतरी आधीपासून रात्री रस्त्यावर चाललेला असतो, तेव्हा बघायला कुणी नसतं. छोट्या सवयीचंही तसंच असतं, पहिले काही आठवडे घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही, तरी चालू ठेवा.

जेव्हा जमत नाही तेव्हा

लग्नसराई आहे, परीक्षा आहे, बाळ आजारी आहे, पाऊस थांबत नाही. अशा रविवारी गच्चीवर किंवा जिन्यात वीस मिनिटं. दहा मिनिटं जिना चढउतार, पाच मिनिटं दोरीवरच्या उड्या किंवा सूर्यनमस्कार, पाच मिनिटं नुसतं उभं राहून आकाश. प्रश्न तोच विचारा. पूर्ण रविवार सोडण्यापेक्षा छोटा रविवार केलेला कधीही बरा, कारण एक सुटला की दुसरा सुटतो.

रविवारी कारखाना किंवा दुकान चालू असणारे भरपूर लोक आहेत आपल्याकडं. त्यांनी रविवारचा हट्ट धरू नये, ज्या दिवशी सुट्टी तो तुमचा रविवार. मुलांची शाळा असेल तर संध्याकाळी पाच ते सात धरा, उन्हाळ्यात सहानंतर.

पहिल्याच रविवारी एवढं करा

सगळ्या स्टेप एकदम नकोत. शनिवारी रात्री पिशवी भरा. सकाळी साडेसहाला संभाजी तलाव किंवा सिद्धेश्वर तलाव, जे जवळ असेल ते, उन्हाळा असेल तर सहाला. पाच मिनिटं अंग हलवा, मग घरातल्या सगळ्यात हळू माणसाला पुढे करून अर्धा तास चाला, वीस मिनिटं लगोरी, आठपर्यंत घरी, दही-भाकरी, एक प्रश्न. ग्रुपवर मेसेज टाकून वीस जणांनी "नक्की येतो" म्हटलं आणि खाली फक्त शेजारच्या काकू येऊन उभ्या राहिल्या, तर तुम्ही आणि काकू, दोघांचाच राऊंड करा, बाकीच्यांना फोन करत बसू नका, आणि पुढच्या रविवारची जागा काकूंना ठरवू द्या.